एकाच पाड्यावरचा हिवताप, एकाला साधा आणि दुसऱ्याला जिवावरचा: परजीवीच्या जनुकांचा वाटा किती?

प्रश्न असा आहे: नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर एकाच आठवड्यात दोन भावंडं फॅल्सिपेरम (हिवतापाच्या परजीवीची जास्त घातक प्रजाती) पॉझिटिव्ह आली. नऊ वर्षांचा भाऊ गोळ्या घेऊन चौथ्या दिवशी ढोरं चारायला गेला. चार वर्षांच्या बहिणीला झटके आले, शुद्ध हरपली, तिला खाली ग्रामीण रुग्णालयात आणावं लागलं. तिथले वैद्यकीय अधिकारी विचारतात: मुलीच्या रक्तातला परजीवी जास्त जहाल वाणाचा होता का? तशी तपासणी होते का? आणि झाली तर उपचार बदलतात का?

वाण वेगळा असेलही. पण दोघांच्या अंगात अगदी एकच वाण गेला असता तरी हेच घडू शकलं असतं. तपासणी संशोधन प्रयोगशाळेत होते, तालुक्याला नाही. आणि मुलीला आज रात्री द्यायचं इंजेक्शन त्या तपासणीने बदलत नाही. तरीही परजीवी कोणत्या जनुकाच्या जोरावर काय करतो हे माहीत असलं, की तीच रक्ताची स्लाइड आणि तेच झटपट तपासणीचं किट जास्त बोलायला लागतं.

सुरुवात प्रजातीपासून करू, कारण सगळ्यात मोठा जनुकीय फरक तिथेच आहे. व्हायव्हॅक्स ही हिवतापाची दुसरी नेहमीची प्रजाती. तिला शिरायला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. त्या रक्तात शेकडा एक-दोनच असतात, म्हणून व्हायव्हॅक्सचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. फॅल्सिपेरमकडे पेशीत शिरण्यासाठी वेगवेगळ्या प्रथिनांचा अख्खा जुडगा असतो. एक किल्ली लागली नाही तर दुसरी लागते, आणि कोवळी-जून कोणतीही पेशी त्याला चालते. व्हायव्हॅक्स निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. प्लेटलेट कोसळणं, फुप्फुसात पाणी, तीव्र रक्तक्षय हे त्यातही दिसतं. पण संख्येचा स्फोट होतो तो फॅल्सिपेरममध्ये.

हा स्फोट आकड्यांत पाहा. यकृतातल्या एका फुटलेल्या पेशीतून सुमारे ३०,००० परजीवी रक्तात उतरतात. एक फेरी ४८ तासांची. दर फेरीला संख्या ५ पट झाली तर सात फेऱ्यांनी, म्हणजे चौदा दिवसांनी, ती सुमारे २३४ कोटी होते. प्रौढाच्या रक्तात तांबड्या पेशी २५ लाख कोटींच्या आसपास असतात, त्या मानाने हे प्रमाण ०.०१ टक्काही नाही. दर फेरीला १० पट झाली तर त्याच चौदा दिवसांत ३०,००० कोटी, म्हणजे १.२ टक्के. गुणाकाराचा दर फक्त दुप्पट, पण शेवटचा फरक १२८ पट. पेशीत शिरण्याच्या जनुकांतला बारीकसा बदल इथे भारी पडू शकतो. थायलंडमधल्या गंभीर रुग्णांच्या परजीवींत हा दर खरोखरच जास्त आढळला होता. आफ्रिकेतल्या तशाच तपासणीत मात्र संबंध दिसला नाही. त्यामुळे 'जलद वाढणारा वाण म्हणजे जहाल वाण' हे सूत्र सरसकट लावू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फॅल्सिपेरम मारतो तो संख्येपेक्षा चिकटण्यामुळे. त्याच्या जनुकसंचात सुमारे ५,३०० जनुकं आहेत आणि त्यांत 'व्हार' नावाची साठेक जनुकं आहेत. १९९५ साली ती ओळखली गेली. प्रत्येक व्हार जनुक एक वेगळं चिकट प्रथिन बनवतं. परजीवी ते प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर गाठींसारखं उभं करतो. एका वेळी साठांपैकी एकच जनुक चालू, बाकी सगळी गुंडाळून ठेवलेली. शरीराने त्या प्रथिनावर प्रतिपिंडं तयार केली की काही परजीवी दुसरं जनुक चालू करतात आणि पुन्हा सुटतात.

कोणतं जनुक चालू आहे त्यावर पेशी कुठे चिकटणार ते ठरतं. बहुतेक व्हार प्रथिनं रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या सीडी-३६ नावाच्या खुंटीला धरतात, आणि मेंदूच्या वाहिन्यांत ती खुंटी फारशी नसते. 'अ' गटातली आणि काही मिश्र रचनेची व्हार जनुकं मात्र ईपीसीआर नावाच्या खुंटीला धरतात. हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं. ईपीसीआरचं नेहमीचं काम म्हणजे प्रोटीन-सी कामाला लावणं, ज्यामुळे वाहिनीत गुठळी होत नाही आणि अस्तर गळत नाही. त्या जागेवर परजीवीवाली पेशी ठाण मांडून बसली की ते काम थांबतं. बारीक गुठळ्या होतात, पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. मलावीत मेंदूच्या हिवतापाच्या मुलांचे एमआरआय काढले, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात दगावलेल्या मुलांमध्ये मेंदूची सूज ठळक होती.

इथेच भावंडांचं कोडं सुटतं. जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. 'अ' गटाची जनुकं जवळपास प्रत्येक फॅल्सिपेरमकडे असतात. भावाने पाच पावसाळे जास्त काढलेत. आधी कधी फॅल्सिपेरम होऊन गेला असेल, तर 'अ' गटाच्या प्रथिनांवर त्याच्याकडे थोडीफार प्रतिपिंडं असतील, आणि ती प्रथिनं मिरवणारे परजीवी त्याच्या रक्तात मारले जात असतील. उरतात ते कमी घातक खुंटी धरणारे. मुलीच्या कोऱ्या शरीरात तोच वाण हव्या त्या जनुकावर चालू शकतो. म्हणून दोघांच्या परजीवींचा पूर्ण जनुकसंच वाचला आणि तो अक्षर न अक्षर सारखा निघाला तरी आजार वेगळा असण्यात विसंगती नाही. 'जहाल वाण शोधा' ही मागणी मुळात अर्धवट आहे. शोधायचं तर कोणतं जनुक बोलतंय ते शोधावं लागेल. त्यासाठी ताज्या रक्तातला आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, लगेच जपून ठेवावा लागतो. डोंगरातल्या उपकेंद्रात ते होणार नाही.

सातपुड्यासारख्या भागात एक गोष्ट उलटी पडते. जिथे वर्षभर डास चावतात तिथे मोठी माणसं बऱ्यापैकी निबर झालेली असतात. आपल्याकडे संक्रमण पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे महिने, तेही पाड्यागणिक कमीजास्त. राज्यातला मोठा भार तर गडचिरोलीचा. म्हणून इथे चाळिशीतल्या माणसालाही मेंदूचा हिवताप होऊ शकतो. 'मोठा माणूस आहे, झेपवेल' असं धरून चालू नका.

गरोदर बाई हा याच जनुकांचा दुसरा खेळ. 'व्हार-२-सीएसए' नावाचं जनुक फक्त वारेतल्या एका शर्करेला धरतं. एरवी प्रतिकारशक्ती असलेल्या बाईलाही पहिल्या खेपेला या प्रथिनाची ओळख नसते, कारण आधी वार नव्हतीच. परजीवी वारेत ठासून भरलेले आणि बोटाच्या रक्तात जवळजवळ काहीच नाही, असं होतं. पहिलटकरणीला ताप आहे किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरतंय, आणि एक स्लाइड निगेटिव्ह आली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा.

चिकटण्याचा थेट परिणाम स्लाइडवर होतो. ४८ तासांच्या फेरीत साधारण पहिला अर्धा वेळ परजीवी बारीक अंगठीच्या रूपात फिरतो, पुढचा अर्धा तो खोलवर चिकटून बसतो. स्लाइडवर दिसतात त्या फक्त फिरत्या अंगठ्या. म्हणून कमी संख्या असलेला मुलगाही बेशुद्ध असू शकतो. संख्या मोजायची ती जाड थेंबावर: २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते बघा, त्याला ८,००० ने गुणा आणि २०० ने भागा. ५०० परजीवी दिसले तर मायक्रोलिटरला २०,०००. नुसतं 'प्लस तीन' लिहिलेल्या अहवालावरून दुसऱ्या दिवशी रुग्ण सुधारतोय की नाही हे कळत नाही, म्हणून आकडा मागा. टक्केवारी काढताना एक चूक नेहमी होते. मायक्रोलिटरला ५० लाख तांबड्या पेशी धरल्या तर १ टक्का म्हणजे ५०,०००. पण रक्तक्षयी मुलाच्या पेशी २५ लाखच असतील तर तेच ५०,००० म्हणजे २ टक्के.

संख्येइतकंच वय बघा. दिसणाऱ्या परजीवींपैकी २० टक्क्यांहून जास्त जर काळपट रंगद्रव्य धरलेले, जून असतील, तर खोलवर त्याहून मोठा साठा आहे आणि तो फुटण्याच्या बेतात आहे. न्यूट्रोफिल पेशींपैकी ५ टक्क्यांहून जास्त पेशींच्या पोटात तेच रंगद्रव्य दिसलं तरी अर्थ वाईटच. स्लाइड रंगवायचा जेएसबी रंग जुना झाला, गाळला नाही, की कचरा आणि रंगद्रव्य यांत गफलत होते. तेव्हा आधी रंगाची बाटली बघा. व्हार जनुकाचं काम तालुक्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली अप्रत्यक्ष दिसतं ते असं.

उपचाराचं इथेच सांगून टाकतो. मुलीचं वजन १४ किलो असेल तर आर्टेसुनेट (गंभीर हिवतापाचं इंजेक्शन) ३ मिलीग्रॅम प्रति किलो, म्हणजे ४२ मिलीग्रॅम. २० किलो आणि त्यावरच्या रुग्णाला २.४. वेळा ०, १२ आणि २४ तास, मग दिवसातून एकदा. ६० मिलीग्रॅमच्या कुपीत सोबतचं १ मिली सोडियम बायकार्बोनेट घालून पूर्ण विरघळू द्या, मग ५ मिली सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज. मिलीला १० मिलीग्रॅम झालं, म्हणजे मुलीला ४.२ मिली, शिरेतून सावकाश. द्रावण गढूळ राहिलं तर टाकून द्या, स्वच्छ असेल तर तासाभरात वापरा, आणि त्यात साधं इंजेक्शनचं पाणी घालू नका. कुपी १२० मिलीग्रॅमचीही येते, म्हणून लेबल वाचूनच हिशेब करा. झटके आले की पहिली तपासणी ग्लुकोजची. ४० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर झटक्यांचं कारण तिथेही असू शकतं. आर्टेसुनेटनंतर एक ते तीन आठवड्यांनी काही रुग्णांत उशिराने रक्त फुटतं (तांबड्या पेशी फुटतात), म्हणून ७, १४ आणि २८ व्या दिवशी हिमोग्लोबिन बघा. घरी पाठवताना आशाताईंच्या वहीत या तारखा लिहून द्या, नाहीतर पाड्यावरून कोणी परत येत नाही.

सिकलसेलचा प्रश्न विचारल्याशिवाय परजीवीवर ठपका ठेवू नका. भिल्ल आणि पावरा समाजांत हे जनुक बरंच आहे. एक जनुक असलेल्या वाहकाला गंभीर फॅल्सिपेरमपासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. तो नऊ वर्षांचा मुलगा वाहक असेल आणि बहीण नसेल तर कोड्याचा मोठा भाग तिथेच सुटला. पण परजीवी इथेही गप्प बसलेला नाही. गांबिया आणि केनियातल्या गंभीर आजारी मुलांचे आणि त्यांच्याच रक्तातल्या परजीवींचे जनुकसंच शेजारी ठेवून तपासले, तेव्हा परजीवीच्या जनुकसंचात तीन जागा अशा सापडल्या की तिथे ठरावीक बदल असलेला परजीवी सिकल वाहकालाही गंभीर आजारी पाडू शकतो. दोन जागा दुसऱ्या गुणसूत्रावर, एक अकराव्यावर. आफ्रिकेबाहेर हे बदल दुर्मीळ आहेत. तरी धडा आपल्या कामाचा आहे: गांभीर्य एकट्या परजीवीत नसतं, एकट्या माणसातही नसतं, दोघांच्या जोडीत असतं. आणि 'वाहक आहे, याला मलेरिया होत नाही' हे चूक आहे. होतो, फक्त सहसा साधा होतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे वाहक आणि रुग्ण यांत घोळ. दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या मुलाला हिवताप उलट जास्त घातक असतो, कारण त्याचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं. विद्राव्यता चाचणी दोघांतही पॉझिटिव्ह येते. फरक कळतो तो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीवर. दुसऱ्या चाचणीचा कागद हातात नसेल तर पॉझिटिव्ह मुलाला 'वाहक' म्हणू नका.

काही जनुकं आजार वाढवत नाहीत, लपवतात, आणि परिणाम तोच होतो. आपल्याकडच्या किटची फॅल्सिपेरमची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर चालते. काही परजीवींत हे जनुक आणि त्याचं जुळं एचआरपी-३ गळून गेलेलं असतं. २०१० मध्ये पेरूतून हे प्रथम पुढे आलं, नंतर एरिट्रियात मोठ्या प्रमाणावर, आणि भारतातही काही राज्यांत थोड्या नमुन्यांत आढळलं. असा परजीवी जास्त जहाल नसतो. पण किट कोरं येतं, गोळी लांबते, आणि वर मांडलेला गुणाकार आणखी दोन-तीन फेऱ्या चालतो. कोरं किट आणि स्लाइडवर फॅल्सिपेरम अशी जोडी दिसली तर लगेच जनुकाकडे धावू नका. आधी किट कुठे होतं ते विचारा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि किटची मर्यादा बहुधा ३० किंवा ४० अंश असते. पत्र्याच्या खोलीतल्या खोक्याचं काय होत असेल ते सांगायला नको. मग रेघ ठरलेल्या वेळेत वाचली का, परजीवी २०० प्रति मायक्रोलिटरच्या खाली होते का, हे बघा. एवढं करूनही तीच जोडी पुन्हा पुन्हा आली तर नमुना पाठवा. उलटी गफलतही ध्यानात ठेवा: एचआरपी-२ उपचारानंतर काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून औषध लागू पडलं का हे किटवर ठरवू नका, स्लाइडवर ठरवा.

औषधाला न जुमानणारी जनुकंही याच मार्गाने गांभीर्य वाढवतात. क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम भारतात १९७३ साली आसामात आढळला. त्यामागे पीएफसीआरटी जनुकातला ७६ व्या जागेचा बदल असतो. डीएचएफआर आणि डीएचपीएस या जनुकांतले बदल एकेक करून साठतात आणि सल्फा-पायरिमेथॅमिनची धार जाते. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात ईशान्य भारत सोडून फॅल्सिपेरमला आर्टेसुनेटसोबत हीच जोडी दिली आहे, म्हणून हे महत्त्वाचं. केल्च-१३ जनुकातल्या बदलांनी आर्टेमिसिनिनचा (आर्टेसुनेट याच गटातलं) परिणाम मंदावतो. ते कंबोडियातून पुढे आले, आता पूर्व आफ्रिकेतही आहेत. तालुक्याच्या पातळीवर यांतलं एकही जनुक दिसत नाही, औषधानंतर परजीवी गेला का हे सांगणारी तिसऱ्या दिवसाची स्लाइड दिसते. ती काढतच नाहीत, हे खरं दुखणं.

व्हायव्हॅक्समध्ये पुन्हा कधी उलटायचं हेही वाणावर असतं. उष्ण भागातले वाण तीन-चार आठवड्यांत उलटतात, थंड प्रदेशातले आठ-दहा महिने यकृतात झोपून राहतात, आणि भारतात दोन्ही प्रकार आहेत. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं आखाजीच्या सुमाराला परततात आणि डास नसलेल्या दिवसांत ताप येतो, तेव्हा हे आठवावं. यकृतात झोपलेल्यांना मारायला प्रायमाक्विन ०.२५ मिलीग्रॅम प्रति किलो, चौदा दिवस, गरोदर बाई आणि वर्षाखालचं बाळ सोडून. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-६-पीडी विकराची कमतरता असेल तर रक्त फुटतं. लघवी चहासारखी काळी दिसली की गोळी बंद करून या, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या बोलीत सांगा.

हिवतापाबाहेर हेच तत्त्व सगळ्यात स्वच्छ दिसतं ते आवेत. एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि एन्टामिबा डिस्पार या अमिबांचे कोष (सिस्ट) सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या. १९९३ मध्ये या दोन अधिकृतपणे वेगळ्या प्रजाती मानल्या गेल्या. पहिली आतड्याची भिंत पोखरून यकृतात गळू करते, दुसरी गुपचूप पोटात राहते. त्यामुळे तक्रार नसलेल्या माणसाच्या शौच अहवालातल्या 'सिस्ट'वर मेट्रोनिडाझोलचा मारा करण्यात अर्थ नाही. तांबड्या पेशी गिळलेला हलता अमिबा दिसला तर मात्र तो हिस्टोलिटिकाच धरा.

नवापूरच्या कोंबडीपालकांना हीच गोष्ट रक्ती हगवणीतून माहीत असते. ती हगवण करणाऱ्या आयमेरिया परजीवीच्या पिलावळीतून दर खेपेला सगळ्यात आधी विष्ठेतून बाहेर पडणारे ऊसिस्ट (अंड्यासारखे कोष) निवडत गेलं, की आतड्यात कमी वाढून लवकर बाहेर पडणारा, सौम्य वाण तयार होतो. तो गुण पुढच्या पिढ्यांत टिकतो, आणि त्याच वाणांवर जिवंत लशी बनतात. परजीवीचं गांभीर्य वंशाने चालतं याचा याहून सरळ पुरावा शोधून सापडणार नाही. याची दुसरी बाजू चंद्रपूर जिल्ह्यात २००४ मध्ये दिसली. गुराढोरांना सर्रा रोग करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला. एरवी माणसाच्या रक्तातलं एपीओएल-१ प्रथिन त्याला मारून टाकतं. या शेतकऱ्यात ते कार्यक्षम नव्हतं. परजीवी नेहमीचाच होता, दार उघडं होतं.

तुमच्याकडे आलेल्या त्या चार वर्षांच्या मुलीचा नमुना पाठवायचाच असेल तर औषधाच्या पहिल्या डोसाआधी घ्या. बोटाच्या रक्ताचे तीन थेंब व्हॉटमन-३ गाळण कागदावर, प्रत्येक आपसूक पसरू द्यायचा, एकावर एक टाकायचा नाही. नाव-तारीख पेन्सिलीने, कारण शाई फुटते. सावलीत तीन-चार तास वाळवा. पावसाळ्यात रात्रभर लागतो, आणि माश्या-मुंग्यांपासून झाकून ठेवा. मग एका पिशवीत एकच कागद, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडीचा रंग बदलला की नवी टाका. ओलसर बंद केलेल्या कागदाला बुरशी येते आणि डीएनए जातो. तिसऱ्या दिवशी स्लाइड पॉझिटिव्ह राहिली तर दुसरा कागद त्याच दिवशी घ्या आणि दोन्ही एकत्र पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत वजन, दिलेला डोस, उलटी झाली का, आणि सिकलसेलचा अहवाल एवढं लिहा. अर्धवट पोटात गेलेली गोळी प्रतिरोधासारखीच दिसते.